हळदीच्या हंगामात अडकणारा सर्व्हर

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या आडत पेढीचे संगणक मी गेली सहा वर्षे सांभाळतो. पेढीत सर्व्हर एकच आहे आणि तो पोटमाळ्यावर आहे, कारण २०१९ च्या महापुरात मालकांच्या राहत्या घरात छातीइतके पाणी शिरले होते आणि तेव्हापासून किमती वस्तू जमिनीलगत ठेवायची नाही, असा त्यांचा दंडकच आहे. या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स हा डेबियन लिनक्सवर उभा असलेला हायपरवायझर, म्हणजे एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली, चालतो आणि त्याच्या पोटात असे चार आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आहेत. १०१ क्रमांकाचे मशीन कॅमेऱ्यांचे चित्रण साठवते, १०२ वर कागदपत्रांच्या फाइली आहेत, १०३ वजनकाट्याचे आहे आणि सर्वांत शेवटी तयार केलेले १०४ हे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे विंडोज सर्व्हर आहे. यंत्रात ६४ जीबी मेमरी आहे आणि साठवणुकीसाठी घरगुती वापराच्या, एक-एक टीबीच्या दोन साटा एसएसडी (फ्लॅश चिपच्या डिस्क) झेडएफएस या साठवण-प्रणालीच्या मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर राहील अशा जोडीत, बांधलेल्या होत्या. त्या एसएसडी मीच निवडल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला फोन ११ फेब्रुवारी २०२५ रोजी आला. नव्या हळदीची आवक वाढू लागली होती, सौदे उरकून हिशोबपट्ट्या काढण्याचे काम चालले होते आणि हमाली-तोलाईची वजावट टाकून दिवाणजींनी कळ दाबली, ती दाबलेलीच राहिली. "सर, पट्टी निम्म्यात अडकली बघा. शेतकरी समोर बसल्यात," एवढेच ते म्हणाले. मी घरून जोडणी करून पाहीपर्यंत सगळे पुन्हा सुरळीत चालू झाले होते. पुढच्या आठवडाभरात असे सात-आठ वेळा झाले. कधी सकाळी, कधी दुपारी. कधी अर्धा मिनिट, कधी चार-पाच मिनिटे. मध्येच दोन दिवस काहीच नाही.

अशा बिघाडात सर्वांत त्रासदायक गोष्ट ही असते की, तुम्ही पोहोचता तेव्हा रोगी ठणठणीत असतो. त्यातच दिवाणजींना एक सवय लागली होती. यंत्र अडकले की ते माझ्या फोनची वाट न पाहता प्रॉक्समॉक्सच्या पानावर जाऊन १०४ ला रीसेट करत असत, कारण ती युक्ती मीच त्यांना कधीतरी शिकवली होती. रीसेट केल्यावर यंत्र चालू होई आणि अडकलेल्या अवस्थेत ते नेमके कशाची वाट पाहत होते, हे पाहण्याची संधी हातची जाई. मी त्यांना हात जोडून सांगितले की, पुढच्या वेळी पाच मिनिटे थांबा, काहीही दाबू नका आणि फक्त मला फोन करा. त्यांनी ते ऐकले, पण समोर बसलेल्या शेतकऱ्यांना पाच मिनिटे थांबवणे ही काय गोष्ट असते, ते मी नंतर पेढीत बसूनच पाहिले.

पहिले तीन-चार आठवडे मी जे केले, त्याचा मला आज थोडा संकोच वाटतो. पोटमाळ्यावर चढून सर्व्हरचे झाकण उघडले, तर पुढची जाळी पिवळीधमक झाली होती. हळदीची बारीक धूळ पंख्यांच्या पात्यांवर, प्रोसेसरच्या तबकड्यांमध्ये, अगदी मेमरीच्या खाचांमध्येही बसली होती. ब्रश फिरवला की वासाने स्वयंपाकघरात आल्यासारखे वाटे. वर पत्र्याचे छप्पर आणि खाली ही धूळ, तेव्हा यंत्र तापून अडकत असणार, असे मी आणि मालक दोघांनीही मनोमन ठरवून टाकले. साफसफाई केली, बाजूला एक टेबलफॅन लावला आणि तापमानाची नोंद चालू केली. प्रोसेसर ६० अंशांच्या वर गेलाच नाही आणि यंत्र अडकायचे ते अडकतच राहिले. साफसफाई आवश्यक होती, पण दुखण्याशी तिचा संबंध नव्हता.

नंतर माझा संशय मेमरीवर गेला. हा संशय निराधार नव्हता. झेडएफएस वाचलेली माहिती मेमरीत जपून ठेवते आणि लिनक्सवरच्या तेव्हाच्या मूळ ठरवणीनुसार त्यासाठी निम्म्यापर्यंत मेमरी वापरू शकत असे. प्रॉक्समॉक्सने ८.१ आवृत्तीपासून नव्या स्थापनेत ही मर्यादा १० टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त १६ जीबीवर आणली. पण आमची स्थापना त्याआधीची असून पुढे फक्त अद्ययावत केलेली होती, त्यामुळे जुनीच मर्यादा चालू होती. चार मशीनना दिलेली ४० जीबी आणि झेडएफएसची ३२ जीबी यांची बेरीज ७२ होते आणि यंत्रात आहेत ६४. मी रात्रभर मेमरीची चाचणी चालवली, त्यात एकही चूक निघाली नाही. मग झेडएफएसची मर्यादा ८ जीबीवर आणली आणि त्याच संध्याकाळी प्रोसेसरची झोपेची अवस्था बायोसमध्ये बंद केली, शिवाय १०४ चा प्रोसेसर-प्रकारही बदलला. एकाच संध्याकाळी तीन बदल करणे हा शुद्ध अडाणीपणा होता, कारण त्यानंतरचे तीन दिवस यंत्र एकदाही अडकले नाही आणि कोणत्या बदलाला श्रेय द्यावे, याचा विचार करत मी खुशीत राहिलो. ते तीन दिवस म्हणजे १४ मार्चची धुळवड आणि तिला लागून आलेले शनिवार-रविवार होते. पेढी जवळजवळ बंदच होती. सोमवारी सकाळी दहाला दिवाणजींचा फोन आला.

त्या सोमवारी मी एक वही घेतली. सांगलीत पावसाळ्यात राहिलेल्या माणसाला या वहीचे नवल वाटणार नाही. कृष्णेचे पाणी वाढू लागले की आयर्विन पुलाजवळची पातळी सारे गाव तासातासाला विचारत असते. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे आकडे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पाणी 'अचानक' आले, असे इथे जाणता माणूस म्हणत नाही, कारण कोयनेतून केव्हा किती विसर्ग झाला आणि इथे पातळी केव्हा चढू लागली, या दोन्ही वेळा शेजारी-शेजारी लिहिल्या की अचानकपणा उरत नाही. मी मात्र महिनाभर 'कधीही अडकते' हे दिवाणजींचे शब्दच निदान म्हणून वापरत होतो. किती वाजता, किती सेकंद, कोणकोणती मशीन आणि त्या वेळी आणखी काय चालू होते, यांपैकी एकही गोष्ट माझ्याकडे लिहिलेली नव्हती.

माणसाने सांगितलेली वेळ पुरेशी नसते, म्हणून मी तिन्ही बाजूंना छोटे पहारेकरी बसवले. चारही मशीनमध्ये आणि होस्टवरही, म्हणजे मूळ सर्व्हरवर, एक चार ओळींची आज्ञावली ठेवली, जी दर सेकंदाला घड्याळ पाहून ती वेळ फाइलमध्ये लिहिते आणि ती डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबते. डिस्क अडकली की आज्ञावलीही अडकते आणि नोंदीत फट पडते. दुसरा पहारेकरी पेढीतल्या एका जुन्या लॅपटॉपवर होता. तो चारही मशीनना सतत पिंग करून, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारून, उत्तराची वेळ लिहीत होता. तिसरा होस्टवर होता आणि दर पाच सेकंदांनी लिनक्सच्या दाब-मापकाची नोंद घेत होता. ही सोय लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ४.२० आवृत्तीपासून आहे आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी कशासाठी कामे खोळंबली आहेत, हे ती टक्केवारीत सांगते.

पहिली फट दुसऱ्याच दिवशी पकडली गेली. १०३ च्या नोंदीत १३:४२:०७, १३:४२:०८ आणि त्याखाली थेट १३:४२:५१ असे लिहिलेले होते. मधले ४३ सेकंद गायब होते. १०१, १०२ आणि १०४ च्या नोंदी उघडल्या, तर त्यांच्यातही त्याच ठिकाणी, एक-दोन सेकंदांच्या फरकाने, तशीच भगदाडे होती. होस्टच्या स्वतःच्या नोंदीतही होते. त्या वेळी लॅपटॉपच्या पिंगला मात्र चारही मशीन निमूटपणे उत्तर देत होती. हे पाहून मला पहिल्यांदा पायाखाली जमीन लागल्यासारखे वाटले. पिंगला उत्तर देण्यासाठी गेस्टला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, डिस्कची गरज नसते, ते काम कर्नल मेमरीतूनच उरकतो. तेव्हा यंत्र मेलेले नाही, त्याचा प्रोसेसर चालू आहे, ते फक्त डिस्कच्या दारात उभे आहे, असा त्याचा अर्थ होता. दाब-मापकात मेमरीच्या ओळीवर शून्य आणि डिस्कच्या ओळीवर ८७ असा आकडा होता. म्हणजे मेमरीवर खर्च केलेले माझे दहा दिवस वायाच गेले होते.

तेवढ्यावर मी डिस्क बदलायला निघालोही होतो, पण वहीने थांबवले. बुधवारी सकाळी ९:५० च्या सुमारास १०४ जवळजवळ पाच मिनिटे अडकले आणि त्या वेळी बाकीच्या तीन मशीनच्या नोंदींत एका सेकंदाचीही फट नव्हती. होस्ट निवांत होता, दाब-मापक शांत होते. १०४ पिंगला उत्तर देत होते, पण प्रॉक्समॉक्सच्या पानावरून त्याची कन्सोल, म्हणजे पडदा, उघडत नव्हती आणि होस्टच्या लॉगमध्ये त्या मशीनला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वेळेत आले नाही, अशा अर्थाच्या क्यूएमपी टाइमआउटच्या ओळी एकाखाली एक पडल्या होत्या. विंडोजच्या नोंदवहीत त्याच वेळेला इव्हेंट १२९ होता, म्हणजे डिस्क उत्तर देत नाही म्हणून विंडोजने तिला रीसेटची आज्ञा दिली होती.

आठवडाअखेर वहीत १९ नोंदी झाल्या आणि त्या मी दोन रकान्यांत मांडल्या. दुपारी १२:३० ते २:३० च्या दरम्यानच्या ११ नोंदींत चारही मशीन एकदम अडकली होती आणि त्यांचा काळ २० ते ६० सेकंद होता. सकाळी ९ ते १०:३० च्या दरम्यानच्या ८ नोंदींत एकटे १०४ अडकले होते आणि तेही कित्येक मिनिटे. एकच आजार समजून मी ज्याच्या मागे लागलो होतो, ते दोन वेगळे आजार होते. प्रत्येकाला आपापली वेळ होती. दोघांच्या वेळा मिसळल्यामुळे 'कधीही' असा भास होत होता. शिवाय एकावर लागू पडणारा उपाय दुसऱ्यामुळे फसल्यासारखा दिसला असता, ही गोष्ट तर आणखी घातक होती.

दुपारच्या आजाराचे मूळ शोधायला मी शुक्रवारी जेवणाच्या वेळी पेढीतच बसलो. पाऊण वाजता दिवाणजींनी चष्मा काढला, संगणकावर दोन-तीन टिचक्या मारल्या आणि डबा घेऊन उठले. मी विचारले, "काय लावून चाललात?" ते म्हणाले, "रोजचंच. डेटाची कॉपी काढून ठेवतो. जेवून येईपर्यंत होतीया." हिशेबाचा संपूर्ण फोल्डर, त्यात पट्ट्यांची छायाचित्रेही, असा सुमारे ३० जीबीचा ऐवज ते रोज जेवायला जाण्यापूर्वी त्याच डिस्कवर दुसरीकडे उतरवत होते. बँक बुडाली तरी वही घरात हवी, अशा वळणाच्या माणसाची ही सावधगिरी होती आणि तिच्यात काहीही चूक नव्हती. ते जेवायला जात असल्यामुळे अडकलेले यंत्र त्यांना कधी दिसतच नसे. ते दिसे काट्यावरच्या पोराला, ज्याच्यापुढे टेम्पोंची रांग असे आणि ज्याची तक्रार माझ्यापर्यंत 'काट्याला प्रॉब्लेम आहे' अशा वेगळ्याच रूपात पोहोचत असे.

प्रत निघत असताना मी होस्टवर डिस्कचे आकडे पाहत होतो. पहिली दोन मिनिटे लिखाण वेगाने चालले. मग वेग एकदम सेकंदाला १५ मेगाबाइटवर कोसळला, दोन्ही एसएसडी १०० टक्के व्यग्र दिसू लागल्या आणि एका लिखाणाला लागणारा सरासरी वेळ ३ मिलिसेकंदांवरून १,४०० मिलिसेकंदांवर गेला. घरगुती एसएसडीचा स्वभावच असा असतो. तिच्या फ्लॅशचा काही भाग ती एका पेशीत एकच बिट लिहून वेगवान खळ्यासारखा वापरते आणि तिथले धान्य मागाहून सवडीने मूळ कोठारात भरते. खळे भरले की नवीन धान्य थेट कोठारात न्यावे लागते आणि तिथली वाट अरुंद असते. डिस्क जितकी भरलेली, तितके खळेही लहान. आमचा पूल, म्हणजे त्या दोन एसएसडींचा एकत्रित साठा, ८३ टक्के भरला होता, आणि व्हर्च्युअल डिस्कवर डिस्कार्डचा पर्याय मी कधी लावलाच नव्हता, त्यामुळे गेस्टमध्ये पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाली आहे, हे एसएसडीला कोणी कळवतच नव्हते.

त्यात भर कॅमेऱ्यांची. आठ कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट चित्रण पाठवतात, म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट, म्हणजे दिवसाला सुमारे १७३ जीबी आणि वर्षाला ६३ टीबी. ताजे दोन दिवस एसएसडीवर आणि नंतर नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीवर, अशी रचना मीच केली होती, आणि एसएसडी जलद असते म्हणून ती चांगलीच, असे तेव्हा वाटले होते. डिस्क स्वतःच्या झिजेची जी नोंद ठेवते, ती स्मार्टची नोंद पाहिली तेव्हा दोन्ही डिस्कचे ८८ टक्के आयुष्य संपलेले होते. हिशेबाचा डेटाबेस तर प्रत्येक पट्टीनंतर 'हे खरोखर डिस्कवर गेले का' असे विचारून थांबतो. ज्या एसएसडीत वीज गेली तरी अर्धवट लिखाण पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर असतात, ती या प्रश्नाला तत्काळ होकार देऊ शकते. आमच्या एसएसडीत ते नव्हते, त्यामुळे तिला दर वेळी फ्लॅशपर्यंत जाऊन यावे लागत होते. प्रॉक्समॉक्ससोबत येणाऱ्या साध्या मोजणीत आमच्या पूलाला सेकंदाला फक्त २१० अशी लिखाणे जमत होती. झेडएफएस साधे लिखाण मेमरीत गोळा करून साधारण दर ५ सेकंदांनी खाली उतरवते आणि डिस्क फारच मागे पडली की नवीन लिखाणाला दारातच थांबवते. पूल सर्वांचा एकच असल्यामुळे चारही मशीन एकाच क्षणी उभी राहत होती.

मिरजेतल्या एका व्यवसायबंधूने सुचवले की, झेडएफएसला तो 'खरोखर गेले का' हा प्रश्न दुर्लक्षित करायला सांग, एका आज्ञेचे काम आहे, सगळे पळू लागेल. सूचना खरी होती आणि मोहही झाला. पण तसे केल्यावर यूपीएसने दगा दिला किंवा होस्ट कोसळला, तर शेवटच्या काही सेकंदांची अशी लिखाणे हरवतात, जी झाली असल्याची पावती सॉफ्टवेअरला आधीच मिळालेली असते. शेतकऱ्याच्या हातात छापील पट्टी आहे आणि पेढीच्या खात्यात तिची नोंद नाही, असा प्रसंग यार्डात एकदा जरी आला, तरी तो तोंडातोंडी कुठवर जाईल, याचा विचार करून मी ती आज्ञा दिली नाही.

सकाळच्या आजाराने तुलनेने लवकर तोंड उघडले. नॅसवर घेतला जाणारा बॅकअप रात्री ११ ला सुरू होत असे आणि तो पहाटेपर्यंत संपतो, या समजुतीत मी दोन वर्षे होतो. लॉग उघडून पाहिला, तर बुधवारी तो सकाळी १०:२० ला संपला होता, मंगळवारी ८:३५ ला आणि सोमवारी १०:०५ ला. चारही मशीनचा बॅकअप क्रमांकानुसार एकामागून एक होतो, म्हणून सर्वांत शेवटी १०४ ची पाळी येई. रात्र लांबली की ती पाळी नेमकी सौद्यांच्या वेळी येई. चालू मशीनचा बॅकअप घेताना गेस्टने एखाद्या ठिकाणी नवीन काही लिहायला घेतले आणि ते ठिकाण अजून बॅकअपमध्ये गेलेले नसले, तर हायपरवायझर आधी तिथला जुना मजकूर बॅकअपच्या जागी पाठवतो आणि मगच नवीन लिहू देतो. नॅस मंद असेल, तर गेस्टचे साधे लिखाणही नॅसच्या गतीने होते. त्यातून १०४ च्या डिस्कला स्वतंत्र आयओ थ्रेड, म्हणजे फक्त डिस्कचे काम करणारा वेगळा धागा, दिलेला नव्हता, म्हणून ते काम क्यूईएमयूच्या, म्हणजे मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, मुख्य फेऱ्यातच चाले. तो फेरा तुंबला की कन्सोलही उघडत नसे आणि क्यूएमपीचे उत्तरही येत नसे. लॉगमधल्या टाइमआउटच्या ओळींचा अर्थ असा लागला.

नॅस इतकी मंद का, हा प्रश्न उरला. तिच्यातल्या हार्ड डिस्कच्या लेबलवरचा क्रमांक निर्मात्याच्या तांत्रिक तक्त्यात शोधला, तेव्हा त्या एसएमआर प्रकारच्या निघाल्या. या प्रकारात चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त मजकूर मावतो, पण मधले एक कौल बदलायचे तर पुढची सगळी पुन्हा बसवावी लागतात. थोडे लिखाण असेल तर डिस्क ते बाजूच्या राखीव पट्ट्यात घेऊन वेळ मारून नेते, पण रोज रात्री शेकडो जीबी आणि वर कॅमेऱ्यांचे जुने चित्रणही तिथेच, म्हटल्यावर तिचा वेग सेकंदाला २० मेगाबाइटच्या आसपास येऊन ठेपत होता. आणि त्या शेकडो जीबीतला निम्म्याहून मोठा वाटा कशाचा होता? १०१ च्या ४०० जीबीच्या डिस्कचा, म्हणजे दोन दिवसांनी पुसले जाणारे कॅमेऱ्यांचे चित्रण मी रोज इमानेइतबारे बॅकअपमध्ये घेत होतो. बॅकअपमधून ती डिस्क वगळण्यासाठी एक खूण काढावी लागते, ती काढायची राहिली होती.

या वेळी बदल एका वेळी एकच करायचा आणि प्रत्येकानंतर दोन कामाचे दिवस वही पाहायची, असे ठरवले. पहिल्यांदा ती खूण काढली. बॅकअप त्या रात्री पहाटे साडेतीनलाच संपला आणि सकाळचा रकाना तिथून पुढे कोराच राहिला. तेवढ्यावर थांबता आले असते. पण हिशेबाचा डेटा वाढला की हाच प्रसंग पुन्हा उभा राहणार होता. म्हणून १०४ ला व्हर्टआयओ स्कझी सिंगल हा डिस्क-नियंत्रक आणि आयओ थ्रेड दिला, आणि प्रॉक्समॉक्सच्या ८.२ आवृत्तीत आलेली फ्लीसिंगची सोय चालू केली. तिच्यामुळे बॅकअप चालू असताना बदलणारा जुना मजकूर आधी स्थानिक डिस्कवर बाजूला ठेवला जातो आणि गेस्टला नॅससाठी ताटकळावे लागत नाही. गुढीपाडव्यानंतर नॅसमध्ये साध्या, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या सीएमआर प्रकारच्या डिस्क घातल्या, तेव्हा बॅकअप ५५ मिनिटांवर आला.

दुपारच्या आजारासाठी मालकांकडे खर्च मागावा लागला. ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या डिस्क एवढ्यात कशा झिजल्या?" यावर कॅमेऱ्यांचा वर्षाला ६३ टीबीचा हिशेब मी त्यांना कागदावर मांडून दाखवला. आडत्याला आकडा पटला की दुसरे काही सांगावे लागत नाही. कपॅसिटर असलेल्या, सर्व्हरसाठीच्या दोन एसएसडी कोल्हापूरहून मागवल्या आणि एका रविवारी मिररमधली एक जुनी काढून तिच्या जागी नवी लावायला बसलो. झेडएफएसने ती नाकारली. जुन्या डिस्क १ टीबीच्या, म्हणजे १,००० जीबीच्या होत्या आणि सर्व्हरच्या एसएसडी बहुधा ९६० जीबीच्या मापात येतात. ४० जीबीने लहान असलेली डिस्क मिररमध्ये मोठीची जागा घेऊ शकत नाही. ही गोष्ट मला तोंडपाठ असायला हवी होती. पोटमाळ्यावर पत्रा तापलेला, हातात पेचकस, आणि पडद्यावर डिस्क फार लहान असल्याचा संदेश, अशा अवस्थेत मी काही वेळ नुसताच बसून राहिलो.

शेवटी जुना मिरर मोडायचा विचार सोडून दिला. मोकळ्या दोन साटा पोर्टवर नव्या एसएसडी लावून वेगळा पूल तयार केला, डिस्कार्ड चालू केले आणि १०२, १०३ व १०४ च्या व्हर्च्युअल डिस्क तिकडे हलवल्या. हे काम मशीन चालू असतानाही होते, पण १०४ ची डिस्क मी रात्री हलवली. हायपरवायझर स्वतः जुन्या मिररवरूनच सुरू होत राहिला. कॅमेऱ्यांसाठी सतत चित्रण लिहिण्याच्या कामाची एक साधी हार्ड डिस्क सर्व्हरमध्येच बसवली, कारण सेकंदाला २ मेगाबाइटचे सलग लिखाण हे काम हार्ड डिस्कला सहज झेपते. नव्या पूलाची तीच मोजणी केली, तेव्हा २१० च्या जागी ५,६०० हा आकडा आला.

सोमवारी पाऊण वाजता दिवाणजींनी चष्मा काढून नेहमीप्रमाणे प्रत लावली आणि डबा घेऊन उठले. काट्यावर जाऊन मी उभा राहिलो. टेम्पो येत होते, वजनाची पावती सरसर निघत होती. त्या ३० जीबीच्या प्रतीच्या काळात चारही नोंदींतली सर्वांत मोठी फट २ सेकंदांची होती.

पहारेकरी आज्ञावली मी काढून टाकली नाही आणि वहीही पोटमाळ्यावरच ठेवली आहे. एप्रिलमध्ये तिच्यात काहीच लिहावे लागले नाही. ११ मे च्या रविवारी मध्यरात्रीनंतर १०४ च्या नोंदीत ४ सेकंदांची एक फट दिसली, तेव्हा क्षणभर पोटात गोळा आला. मग वेळ पाहिली तर ००:२६ होती आणि तारीख महिन्यातल्या दुसऱ्या रविवारची. डेबियनवर झेडएफएसची मासिक तपासणी, म्हणजे स्क्रब, दुसऱ्या रविवारी ००:२४ ला आपोआप सुरू होते. वहीत तारखेपुढे 'स्क्रब' असे लिहिले आणि खाली रेघ ओढली.